निळू फुल्यांवर माहितीपट करायचाय, मुलाखती किती जणांच्या घ्याव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहात, निळू फुल्यांवर 30 मिनिटांचा माहितीपट करायचाय, मुलाखतींच्या यादीत 14 नावं आहेत, ती पुरेशी आहेत का? आणि त्यांच्या चित्रपटांतले तुकडे वापरायला परवानगी लागते का?

चौदातली अकरा खोडा. आणि हो, लागते.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तुमची यादी वाचली आणि माझं जुनं दुखणं वर आलं. सहकलाकार इतके, दिग्दर्शक इतके, एक समीक्षक, एक पुढारी. अशीच यादी एकदा मी स्वतःच्या हातानं वहीत लिहिली होती. ती वही अजून घरात आहे.

2010 च्या पावसाळ्यात मी आणि माझा एक मित्र (नाव घेत नाही, हल्ली तो मालिका करतो आणि त्याचं बरं चाललंय) निळू फुल्यांवर माहितीपट करायला निघालो. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. 13 जुलै 2009 ला गेले ते. पैसे दोघांचे, कॅमेरा मित्राच्या मामाचा, मिनी डीव्ही टेपवाला, म्हणजे छोट्या कॅसेटवर चित्रण करणारा. दिग्दर्शन त्याचं. मी आवाज, ड्रायव्हिंग आणि चहा या तिन्ही खात्यांचा प्रमुख.

यादीत बारा जण होते, नऊ मिळाले. नऊही जणांना एकाच पद्धतीनं बसवलं. खुर्ची जराशी तिरकी, मागे पुस्तकांचं कपाट आणि कपाटाशेजारी एक कुंडी. कुंडी प्लास्टिकच्या झाडाची. ती आम्ही गाडीत घालून घरोघर फिरवायचो. ज्या माणसानं सतराव्या वर्षी पुण्याच्या एएफएमसीत (लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात) माळीकाम केलं, महिन्याच्या 80 रुपयांतले 10 राष्ट्र सेवा दलाला दिले, स्वतःची रोपवाटिका काढायचं मनात होतं पण पैशाअभावी ते राहूनच गेलं, त्याच्याबद्दल नऊ माणसं प्लास्टिकच्या झाडापुढे बसून बोलली! शूटिंगच्या वेळी आम्हा दोघांच्याही हे ध्यानात आलं नाही. मला ते एडिटच्या वेळी दिसलं. मित्राला दाखवलं तर म्हणाला, "फोकसच्या बाहेर आहे, कुणाला कळतंय."

नऊ जण मिळून साडेसहा तास बोलले. ते सगळं मी ऐकून ऐकून कागदावर उतरवलंय, त्यामुळे छातीठोकपणे सांगतो: "पडद्यावर खलनायक, प्रत्यक्षात देवमाणूस" हे वाक्य नऊपैकी आठ जणांनी उच्चारलं. नववे कवी होते. त्यांनी फणसाची उपमा दिली.

तुमचे चौदा जणही हेच बोलणार आहेत. पैजेवर सांगतो. आपल्याकडे कुठल्याही ज्येष्ठ नटावरचा माहितीपट म्हणजे कॅमेऱ्यासमोरचा सत्कार असतो. शाल आणि श्रीफळ तेवढं दिसत नाही.

आता आत्याचं सांगतो, कारण खरं उत्तर तिच्याकडे होतं.

माझी आत्या कोरेगाव तालुक्यातली. तिसरीपर्यंत शाळा. स्वतःचं रान एकराच्या आत, बाकी उभा जन्म दुसऱ्याच्या रानात मजुरी. निळू फुले तिनं पाहिले ते जत्रेतल्या तंबूत. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, खाली माती, बरोबर पोतं न्यायचं. ‘एक गाव बारा भानगडी’, ‘सोंगाड्या’, ‘पिंजरा’ हे सगळं तिनं तसंच पाहिलं. त्या वर्षी दिवाळीच्या जरा आधी मी गावी गेलो तेव्हा कॅमेरा बरोबर होता. सोप्यात बसून ती घेवड्याच्या शेंगा सोलत होती. आमच्याकडचा वाघ्या घेवडा, तांबूस ठिपक्यांचा. पुढ्यात जर्मनची परात. कुणावर सिनेमा करतोय ते सांगितल्यावर तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"त्या मेल्याचा?"

मी कॅमेरा स्टुलावर ठेवला आणि सुरू केला. पुढची चाळीस मिनिटं मी फार तर चार प्रश्न विचारले असतील.

ती म्हणाली, "त्यो कवा वराडला न्हाई बग. वराडतो त्यो मुकादम. मालक हळू बोलतो."

हे वाक्य मी नंतर किती लोकांना ऐकवलं असेल! निळू फुल्यांच्या अभिनयावर मी तोवर बरंच वाचलं होतं: भेदक नजर, बेरकी हसू, खास आवाज वगैरे. पण त्यांचा पाटील अंगावर का येतो, हे मला तिनं पाच-सहा शब्दांत सांगितलं. ‘सामना’ काढून बघा. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखाना त्याचा, गाव त्याचं. वाटेत पडलेल्या दारुड्या मास्तरला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. मोठा आवाज कशाला लागतो त्याला? श्रीराम लागूंचा मास्तर "मारुती कांबळेचं काय झालं?" असं विचारत सुटतो, आणि समोरच्या माणसाचा तो पाहुणचार हळूहळू कसा आंबत जातो, ते निळू फुले बसल्या जागी दाखवतात. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, 1975 ला बर्लिनच्या महोत्सवात गेलेला चित्रपट. त्यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. पण ‘मालक हळू बोलतो’ हे मी तरी कुठे वाचलेलं नाही.

पुढे ती ज्याच्या रानात मजुरीला जायची त्या मालकाबद्दल बोलली. तो बांधावर येऊन उभा राहायचा आणि "घरी समदं बरं हाय न्हवं?" एवढंच विचारायचा. "त्या रातीला झोप म्हणून येत नसायची," ती म्हणाली आणि परत सोलायला लागली. शेंगेचा कट्‌ आवाज, मग परातीत दाणे. टेपवर तिथे वीसएक सेकंद नुसतं तेवढंच आहे.

मी विचारलं, एवढी चीड होती तर त्याचे सिनेमे बघायला जायचीस कशाला?

"त्याचं काय हुतं ते बगाया. शिनेमात तरी हुतं की कायतरी."

मग ‘सिंहासन’. तो तिनं पुण्यात आमच्या घरी टीव्हीवर पाहिला होता. त्यात निळू फुले दिगू टिपणीस, मंत्रालयाच्या वाऱ्या करणारा पत्रकार. सरळ माणूस. राजकारण जवळून बघत बघत शेवटी वेडाच्या भरात हसत सुटतो. आत्या म्हणाली, "आता उलटंल, मग उलटंल म्हणून मी ताटकळत बसले. शेवटपातूर इश्वास ठेवला न्हाई त्याच्यावर. त्यो येडा झाला तवा वाईट वाटलं मला. उगा शिव्या दिल्या बिचाऱ्याला."

आता मला सांगा, नटाच्या ताकदीचा याहून मोठा पुरावा तुमच्या चौदा जणांपैकी कोण देणार आहे?

मी हुरळून पुण्याला आलो. मित्रानं टेप पाहिली आणि म्हणाला, घेता येणार नाही. कारणं तीन. एक, आवाज खराब. दोन, बाई निळूभाऊंना ओळखत नव्हती. तीन, "आपल्याला त्यांची खलनायकाची प्रतिमा पुसायची आहे, ही ती घट्ट करतेय."

तिसऱ्या कारणावरून आमचं जे वाजलं ते दोन महिने चाललं. माझं म्हणणं होतं, पुसायचीय कशाला? ती त्या माणसाची आयुष्यभराची कमाई आहे. मी त्याला दाखले दिले. 1957 च्या निवडणुकीच्या वेळी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य लिहिलं त्यांनी. ‘पुढारी पाहिजे’ या लोकनाट्यातला रोंगे केला. ‘कथा अकलेच्या कांद्याची’चे प्रयोग दोन हजारांच्या वर केले. म्हणजे पहिला चित्रपट 1968 साली आला तेव्हा हा माणूस दहा-अकरा वर्षं पुढाऱ्यांची सोंगं काढत गावोगाव फिरलेला होता. हिंदुराव काही आकाशातून पडला नाही. सेवा दलातला कार्यकर्ता ज्या माणसांशी भांडायचा, तीच माणसं नट म्हणून त्यानं हुबेहूब उभी केली. मग देवमाणूस आणि खलनायक हे दोन वेगळे कप्पे करून ‘पण प्रत्यक्षात मात्र’ असं म्हणत बसण्यात काय हशील? तो एकच माणूस आहे. ज्याला मालक इतका पक्का कळला, तो मालकाच्या बाजूचा नव्हता म्हणूनच कळला.

मित्र म्हणाला, "भाषण छान आहे, पण टाइमलाइनवर काय ठेवू?"

मी म्हटलं, आत्या ठेव.

आवाजाबद्दलही मी त्याला सुनावलं. मॅक्सिमिलियन शेल या दिग्दर्शकानं 1984 साली मार्लिन डिट्रिच या गाजलेल्या नटीवर माहितीपट केला. बाईंनी कॅमेऱ्यासमोर यायला साफ नकार दिला. फक्त आवाज रेकॉर्ड करा म्हणाल्या. शेलनं तो आवाज घेतला, त्यातली दोघांची भांडणंही ठेवली, आणि त्यावर सिनेमा उभा केला. विषयच पडद्यावर येत नाही तरी माहितीपट होतो, आणि तुला परातीत पडणारे दाणे खुपतात? यावर तो म्हणाला की शेलकडे डिट्रिच होती. याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही. खरं तर अजून सुचलेलं नाही.

शेवटी माहितीपट 42 मिनिटांचा झाला. सुरुवातीलाच एका नकलाकाराकडून ‘बाई, वाड्यावर या’. यावरूनही मी भांडलो होतो. त्या वर्षभरात मी त्यांचे सतरा-अठरा चित्रपट मन लावून पाहिले, त्यांतल्या एकाही ठिकाणी हे वाक्य या शब्दांत माझ्या कानावर पडलं नाही. नकलाकारांनी पिकवलं आणि लोकांनी त्यांच्या नावावर चढवलं, असं माझं मत. तुम्ही ते वापरणार असाल तर आधी मूळ चित्रपट शोधून दाखवा. सापडला तर इथेच खाली लिहा, मी जाहीर माफी मागेन.

2011 च्या जुलैत, दुसऱ्या स्मृतिदिनाच्या आसपासच्या एका रविवारी आम्ही तो एका छोट्या सभागृहात दाखवला. आत्याला मी महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं की तू आहेस त्यात. तोवर मला आशा होती. मग वाटलं, निदान मिनिटभर तरी ठेवेल. मग तिला नको येऊस सांगायचं धाडस झालं नाही. ती एसटीनं आली, भर पावसात. ठेवणीतलं इरकली नेसून, पिशवीत माझ्यासाठी घेवडा.

ती त्यात नव्हती. एक सेकंदही नव्हती. शेवटच्या श्रेयनामावलीत ‘विशेष आभार’मध्ये तिचं नाव होतं, पण ते तिला वाचता येईपर्यंत निघून गेलं.

प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं. त्यांनीही देवमाणूस म्हटलं. टाळ्या झाल्या. मी तिला सोडायला स्वारगेटला गेलो. रिक्षात ती काही बोलली नाही आणि मीही नाही. गाडीला वेळ होता म्हणून चहा घेतला. बशीत चहा ओतता ओतता ती म्हणाली, "समदी चांगलाच म्हणत्यात की रं त्याला. मग आमी भ्यायचो कुणाला?"

तिला राग आलेला नव्हता. तिला खरंच प्रश्न पडला होता.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. चौदातले तीन ठेवा: ज्यांनी त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलंय, आणि ज्यांना एखादा ठरावीक दिवस, ठरावीक प्रसंग आठवतो. "ते कसे होते?" असा प्रश्न कुणालाही विचारू नका, त्याचं उत्तर देवमाणूस असंच येतं. "त्या सीनच्या आधी ते काय करत होते?" असं विचारा. ‘सखाराम बाइंडर’च्या किंवा ‘सूर्यास्त’च्या वेळचं कुणी भेटलं तर त्यांना सोडू नका. नाटकवाली माणसं तपशिलात बोलतात. चित्रपटवाली बाइट देतात, म्हणजे कॅमेऱ्यापुरतं तयार वाक्य. (हे सरसकट विधान आहे, माहीत आहे मला.) उरलेल्या अकरांच्या जागी प्रेक्षक शोधा. तंबूत पाहिलेले. सत्तरीच्या पुढचे. लवकर करा, कारण तीही माणसं आता फार उरलेली नाहीत.

तुकड्यांचं असं आहे की पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय म्हणजे पाहण्या-अभ्यासण्याची जागा. त्यांच्याकडे प्रिंट असते याचा अर्थ वापराचा हक्कही तेच देतात असा नाही. हक्क निर्मात्याकडे, त्याच्या वारसांकडे किंवा ज्याला त्यांनी विकले त्याच्याकडे. त्याचा माग काढण्यातच तुमचे दोन महिने जातील, तेव्हा ते काम आधी सुरू करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये समीक्षेसाठी वापरायला काही मुभा आहे, पण तिच्या भरवशावर दहा मिनिटं गाणी घालू नका. वर्गात दाखवणं निराळं आणि यूट्यूबवर टाकणं निराळं. महोत्सवाला पाठवणार असाल तर लेखी कागद मागतात. याहून जास्त हवं असेल तर वकिलाला विचारा, मी आवाजवाला माणूस.

आवाजावरून आठवलं, एक कबुली द्यायची राहिली. मित्राचं पहिलं कारण खरं होतं. मी छोटा माइक आत्याच्या पदराला लावला होता आणि ती सोलायला वाकली की पदर माइकवर घासायचा. ‘मालक हळू बोलतो’च्या ऐन वेळी तो खरखर वाजतो. माझीच चूक. नऊ मान्यवरांना माइक लावताना मी प्रत्येकाचा पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, शेजारच्यांचा कुकर थांबवला. आत्याच्या वेळी मात्र घरचंच माणूस म्हणून हेडफोनसुद्धा लावला नाही. तुम्ही लावा. साडी नेसलेल्या बाईंच्या पदराला माइक लावू नका, पलीकडच्या खांद्यावर ब्लाउजला लावा. आणि शूटिंग संपल्यावर जायच्या आधी त्या खोलीचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करून घ्या, एडिटमध्ये देवासारखा धावून येतो.

दुसरी कबुली. देवमाणूस म्हणणारे ते नऊ जण खोटं बोलत नव्हते. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम, सामाजिक कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंबरोबर केलेले ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग, यांबद्दल ते जे बोलले त्यावर मला शंका नाही. मी स्वतः निळू फुल्यांना कधी भेटलो नाही. ते नऊ जण भेटले होते. मित्राचा माहितीपट वाईटही नव्हता, दोन ठिकाणी बक्षीस मिळालं त्याला. तुमच्या कॉलेजात परीक्षक म्हणून तोच आला तर कुंडीचा विषय काढू नका.

आत्या 2017 ला गेली. नऊ मान्यवरांचं फुटेज ज्या हार्ड डिस्कवर होतं ती केव्हाच बंद पडली. आत्याची टेप मित्रानं कॉम्प्युटरवर उतरवलीच नव्हती, म्हणून ती माझ्याकडे राहिली. कपाटात, प्लास्टिकच्या डबीत, वर माझ्या अक्षरात ‘आत्या/घेवडा, 40 मि.’ असं लिहिलंय. मामाचा कॅमेरा भंगारात गेला, त्यामुळे ती लावून बघायची सोय माझ्याकडे नाही. तुमच्या कॉलेजच्या स्टुडिओत जुना, चालू स्थितीतला मिनी डीव्ही डेक किंवा हँडीकॅम पडलेला असेल तर मला मेसेज करा. टेप घेऊन मी स्वतः येतो. आवाजाचं जमेल ते करू, आणि हवी असेल तर ती तुमच्या 30 मिनिटांत घ्या. श्रेय मला नको, तिचं नाव तेवढं जरा सावकाश सरकू द्या.